सावलीचे बारा

आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. बाबा कचेरीत चपराशी होते. ग्वाल्हेर संस्थानच्या अमदानीत ते नोकरीला लागले, मग मध्य भारत झाला, मग मध्य प्रदेश. त्यांच्या छातीवरच्या पट्ट्याचा पितळी बिल्ला दोनदा बदलला, साहेब तर कितीतरी बदलले, पण दाराबाहेरचं स्टूल तेच राहिलं. आई दर दसऱ्याला चिंच लावून बिल्ला घासायची आणि म्हणायची, "राज्यं बदलून राहिलीत, घासायचं मात्र मलाच आहे."

माझी पहिली सात वर्षांची शाळा तराण्याला झाली. तिथे माझा मामा रेल्वेत होता. आठवीला मी उज्जैनला आईबाबांकडे आले. पाठांतर उत्तम, अक्षर चांगलं, आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. चार माणसांत कसं बोलावं, चूक झाली तर काय करावं, मोठ्या माणसाकडे काम असलं तर पहिलं वाक्य कोणतं म्हणावं, हे शिकवणारं घरात कुणी नव्हतं. बाबा रोज मोठ्या माणसांच्या दारात उभे असायचे, पण ते बोलण्यासाठी नव्हे.

ते मी शिकले रामाच्या देवळातल्या रविवारच्या वर्गात. आमच्या फ्रीगंज वस्तीतून पूल ओलांडून जुन्या गावात उतरलं, की दोन गल्ल्या सोडून मराठी मंडळींचं ते छोटं देऊळ होतं. एक निवृत्त शिक्षक तिथे पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींचा वर्ग घेत. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणायचो. मुलं अकरा, मुली चार. आधी श्लोक, मग थोडा अर्थ, आणि नंतर बराच वेळ काम. दर महिन्याला एकाच्या हाती देवळाची घंटा दिली जाई. ज्याच्याकडे घंटा, तो त्या महिन्याचा प्रमुख. सतरंज्या, पिण्याचं पाणी, चपलांच्या रांगा, प्रसादाची वाटणी, सगळं त्याने इतरांकडून करून घ्यायचं. जे काम आपण स्वतः एकदा तरी केलेलं नाही, ते दुसऱ्याला सांगायचं नाही. पंगतीत शेवटी बसायचं.

गुरुजी आमच्या परीक्षाही घेत. चिडलेला भक्त बनून एकदम दारातून तरातरा आत येत आणि ओरडत, "माझी नवी चप्पल गेली! हे देऊळ आहे की चोरबाजार?"

घंटेवरचा मुलगा गडबडून म्हणायचा, "तुम्हीच कुठे तरी ठेवली असेल, काका."

"नापास! गेलेली चप्पल आणि वर माझीच चूक?"

मग दुसऱ्याची पाळी. "बसा काका, पाणी घ्या. चप्पल कशी होती सांगा, मी बघून येतो."

"पास. पण पाणी कुठंय?"

आम्ही हसून हसून लोळायचो. पुढे चाळीस वर्षं शाळेत नोकरी करताना किती पालक असे तरातरा आत आले असतील, त्याची गणती नाही. मी प्रत्येकाला आधी खुर्ची आणि पाणी देत आले.

वर्गाची सगळ्यात अवघड रीत म्हणजे उणं सांगणं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, आरतीच्या आधी, प्रमुखाने सभामंडपाच्या खालच्या पायरीवर उभं राहायचं आणि आपल्या हाती घंटा असताना काय उणं राहिलं ते सांगायचं. नियम तीन. फक्त स्वतःचं सांगायचं. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. आणि "कारण" हा शब्द वापरायचा नाही. सांगून झालं की गुरुजी एवढंच म्हणत, "ऐकलं." मग आरती सुरू. शाबासकी नाही, रागावणंही नाही. पहिल्यांदा मी उभी राहिले तेव्हा "समईत तेल कमी पडलं" एवढं सांगायला मला तीनदा सुरुवात करावी लागली होती.

नवं राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी मॅट्रिकला बसले. परीक्षा आटोपली आणि चैत्र लागला. बाबांनी ठरवून टाकलं होतं, की आता शिक्षण पुरे. देवासच्या एका घरातून विचारणा आली होती. मी आईजवळ कॉलेजचं नाव काढलं, तर ती म्हणाली, "तुझ्या बाबांना कुणा मोठ्या माणसाने सांगायला पाहिजे गं. माझं न् तुझं ते ऐकत नाहीत."

त्याच चैत्रात गुरुजींनी घंटा माझ्या हाती दिली. चैत्रात म्हणजे रामनवमीला. त्या दिवशी मुलीच्या हातात घंटा याआधी कधी नव्हती. बायकांत कुजबुज झाली. देवळाच्या पंचांत मुख्य होते ते वकीलसाहेब. तेही म्हणाले, "गुरुजी, इतर महिने ठीक आहे. जन्माची वेळ चुकली तर सगळ्या गावात हसं होईल."

गुरुजी म्हणाले, "चुकली तर सांगेल ती."

मला त्यांनी समजावलं ते असं. बुवा कीर्तनात जन्माचं आख्यान लावतील. दुपारी बाराला जन्म. अंगणात आजोबा बसलेले असतील, त्यांच्या हाताकडे बघायचं. त्यांनी लाल फडकं वर केलं की घंटा द्यायची. घंटा झाली की पडदा बाजूला होईल, गुलाल उडेल, पाळण्याची दोरी ओढली जाईल.

आजोबा म्हणजे देवळाचे म्हातारे गुरव. अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी एक लोखंडी सळई उभी रोवलेली होती आणि तिच्या उत्तरेला फरशीत एक रेघ कोरलेली होती. सळईची सावली त्या रेघेवर आली की आजोबा फडकं उचलत. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. मी हे उज्जैनला आल्यापासून ऐकलं होतं आणि रांगोळीसारखी, तोरणासारखी ती एक शोभेची रीत असावी असं धरून चालले होते.

रामनवमीला मामा तराण्याहून आला. माझ्या हाती घंटा आहे ऐकून त्याने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं. पट्टा इतका सैल, की ते कोपरापर्यंत जायचं.

"रेल्वेचं टाइम आहे, भाची. एक मिनिट इकडचं तिकडे व्हायचं नाही. गाडी सुटेल पण तुझा राम नाही सुटणार."

जाताना टॉवर चौकातल्या घड्याळाशीही मी ते ताडून पाहिलं. बरोबर होतं.

देऊळ भरून गेलं होतं. मी घंटेच्या दोरीजवळ उभी. तिथून अंगणातले आजोबा पाठमोरे दिसत होते, मान छातीवर झुकलेली. पावणेबारा झाले, बाराला पाच कमी झाले, तरी ती मान हलेना. बाराला दोन कमी.  बारा वाजले. म्हातारा झोपला, माझ्या मनाने ठरवून टाकलं. समोर वकीलसाहेबांनीही आपल्या घड्याळात बघितलं आणि माझ्याकडे भुवई उचलली. मी दोरी ओढली.

बुवांचं कीर्तन तेव्हा कुठे होतं? यज्ञातलं पायस दशरथाच्या हातात होतं, राण्यांपर्यंत पोचलंही नव्हतं. घंटा ऐकून बुवा क्षणभर तोंड उघडं ठेवून थांबले. मग त्यांनी तिन्ही राण्यांना एका दमात पायस पाजलं, नऊ महिने दोन वाक्यांत उरकले आणि पाळण्यावर आले. गुलाल उडाला. शंख वाजला. गडबडीत मी एकदाच अंगणाकडे पाहिलं. आजोबांनी मागे वळून देवळाकडे बघितलं होतं. मग ते पुन्हा सावलीकडे वळले आणि मान खाली घालून बसले.

सुंठवडा वाटून झाला तेव्हा वकीलसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "शाबास! म्हातारा पेंगला, पण पोरीने मुहूर्त राखला. आता हा सावलीचा खेळ पुरे. पुढच्या वर्षी भिंतीवर घड्याळ लावू. आजोबांनी आता आराम करावा."

बाबा चपलांच्या रांगेशी उभे होते. वकीलसाहेब जाता जाता त्यांच्यापाशी थांबले. बाबांचे हात आपोआप जोडले गेले. "मुलगी हुशार आहे. हिला कॉलेजात घाला. मी बोलतो तिथे."

बाबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. घरी जाईपर्यंत त्यांनी ते वाक्य मामाला तीनदा आणि पुलाखालच्या पानवाल्याला एकदा ऐकवलं. "वकीलसाहेब खुद बोले," ते पानवाल्याला म्हणाले. पानवाला म्हणाला, "तो फिर सोचना क्या, भैया!"

मी घरी गेले नव्हते. प्रमुखाने सगळ्यांच्या शेवटी प्रसाद घ्यायचा, म्हणून मागे राहिले होते. हे पानवाल्याचं मला मामाने नंतर सांगितलं. उन्हाच्या धास्तीने सगळे पटापट पांगले होते, देऊळ रिकामं झालं होतं. आजोबांना प्रसाद द्यायचा राहिला, म्हणून द्रोण घेऊन मी अंगणात गेले. ते जागे होते. चांगले जागे, डोळे बारीक करून फरशीकडे बघत होते. सावली रेघेला जवळजवळ टेकली होती. मी तिथेच उभी राहिले. सावली रेघेवर आली. आजोबांनी लाल फडकं वर केलं. समोर कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं आणि मी होते. त्यांनी फडकं थोडा वेळ तसंच धरलं, मग घडी करून मांडीवर ठेवलं आणि हात जोडले.

मी मामाच्या घड्याळात बघितलं. साडेबारा वाजून एक मिनिट झालं होतं.

"आजोबा, ही रोज इतक्या उशिरा येते?"

"उशिरा कुठे? वेळेवर येते. आपल्या गावावर सूर्य आला की येते." त्यांनी द्रोण घेतला. "ते घड्याळातले बारा पूर्वेकडचे आहेत पोरी. आपले अजून व्हायचे असतात."

मी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. हे मला येत होतं. भूगोलात होतं. भारताची प्रमाण वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, उज्जैन त्याच्या पश्चिमेला, दर अंशाला चार मिनिटं. असली गणितं मी वहीभर सोडवली होती. परीक्षेत तो प्रश्न आला होता आणि माझं उत्तर बरोबर होतं. फक्त ते उत्तर माझ्या अंगणात, त्या रेघेवर रोज पडतं, हे मला सुचलं नव्हतं. आमच्या घरात शिक्षण नवीन होतं, मी त्याला पाहुण्यासारखं वेगळ्या खोलीत बसवलं होतं.

"तुम्ही हाक का नाही मारली?" मी विचारलं.

"घंटा तुझ्याकडे होती," ते म्हणाले आणि सुंठवडा खाऊ लागले.

महिन्याचा शेवटचा रविवार यायला तीन आठवडे होते. ते तीन आठवडे घरात सण असल्यासारखे गेले. देवासला नकार कळवला गेला. आई मला कामाला हात लावू देईना. बाबा संध्याकाळी कचेरीतून येऊन विचारायचे, "कॉलेजात मुली साडी नेसतात ना? दोन लागतील का तीन?" "दोन," म्हणून मी उठायचे. मला एकच हिशेब दिसत होता. मी गप्प राहिले तर कॉलेज मिळतं आणि आजोबा झोपाळू ठरून घरी बसतात. बोलले तर वकीलसाहेबांचा शब्द जातो, आणि त्या शब्दावरच बाबांचा होकार उभा होता. उणं म्हणून दुसरंही काही सांगता आलं असतं. त्या दिवशी पाणी खरंच कमी पडलं होतं. तेवढं सांगितलं असतं तर नियमही मोडला नसता.

मी गुरुजींकडे गेले. सगळं सांगितलं नाही, फक्त विचारलं, "उणं दोन असतील तर लहान सांगितलं तर चालतं?"

गुरुजी चष्मा पुसत होते. म्हणाले, "चालतं. मोठं मग घरी न्यावं लागतं, एवढंच."

त्या रविवारी नेमके वकीलसाहेब आले होते, माझ्यासाठी एक पेन घेऊन. बाबाही आले होते, बिल्ल्याशिवाय, धुतलेल्या सदऱ्यात, मागे खांबाला टेकून उभे. मी पायरीवर गेले. आधी पाण्याचं सांगितलं. मग म्हणाले, "रामनवमीला मी घंटा अर्धा तास आधी दिली. घड्याळ रेल्वेचं होतं. मला सावलीकडे बघायला सांगितलं होतं, मी बघितलं नाही. आजोबा जागे होते. त्यांनी वेळेवर फडकं वर केलं, तेव्हा देवळात कुणी नव्हतं. मी तिथे होते. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, ते तीन आठवडे सांगितलं नाही."

नंतर लक्षात आलं, मी आजोबांचा उल्लेख केला होता. तेवढा नियम मोडला. गुरुजींनी तो मोडू दिला.

"ऐकलं," ते म्हणाले.

पण आरती सुरू झाली नाही. वकीलसाहेबांनी मध्येच विचारलं, "म्हणजे सगळ्या गावाने अर्धा तास आधी पाळणा हलवला?"

मागून एक आजी म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. बुवांनी राण्यांना ठसका लागेल इतक्या घाईने पायस पाजलं."

लोक हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. भुवई उचलणारे तेही होते, हे त्यांना आणि मला दोघांनाच ठाऊक होतं. ते मी बोलले नाही. ते त्यांचं उणं होतं. पेन त्यांच्या खिशातच राहिलं. "घड्याळ लावायचं ठरलंय, ते लागेल," एवढं म्हणून ते आरतीला न थांबता गेले. गुरुजी सगळ्यांना म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून सावली बघायला आजोबांजवळ वर्गातलं एकजण बसेल. शिकायला." त्याला कुणी हरकत घेतली नाही.

बाबा घरी जाताना माझ्या चार पावलं पुढे चालत होते. पुलाच्या मध्यावर थांबले.

"गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

मी कठड्याला हात टेकून उभी राहिले.

"मोठ्या माणसाच्या तोंडावर! इतकी वर्षं मी साहेबांसमोर उभा राहतोय. एकदा तरी तोंड उघडलं का?" आणि मग पुन्हा चालू लागताना, स्वतःशीच बोलल्यासारखं, "आता ते नाही बोलणार कॉलेजात."

आठ दिवस घरात कुणी कॉलेजचा शब्द काढला नाही. दोन साड्यांचा विषयही नाही. मी समजून चुकले होते, आणि खरं सांगायचं तर एका रात्री मला पस्तावाही झाला. चांगलं वागल्याने बरं वाटतं असं वर्गात कुणी कधी सांगितलं नव्हतं, तरी मी ते धरून चालले होते.

पुढच्या रविवारी बाबा दुपारी कुठे तरी गेले. ऊन मी म्हणत होतं. एक वाजायच्या सुमाराला परत आले, टोपी घामाने भिजलेली. आईने पाणी दिलं. एका घोटात पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"देवळात गेलो होतो. त्या म्हाताऱ्याजवळ बसलो. स्टेशनवर घड्याळ बघून गेलो होतो आणि परत येऊन बघितलं. चालण्याचा टाइम वजा केला." त्यांनी टोपी काढली. "साडेबाराच्या आसपासच येते गं ती सावली. मी स्वतः बघितली."

आई म्हणाली, "मग?"

"मग काय? वकीलसाहेबांनी न सांगताही येते." त्यांनी टोपी झटकून खुंटीला अडकवली. "कॉलेजचा फॉर्म कुठे मिळतो? उद्या रजा टाकतो."

फॉर्मवर बाबांनी मोडीत सही केली. खिडकीतल्या बाबूला ती वाचता येईना. तो म्हणाला, "ये क्या लिखा है?" बाबा एकदम मागे सरकले, सवयीने. मी पहिलं वाक्य म्हणणार, तेवढ्यात ते पुन्हा पुढे झाले आणि म्हणाले, "मेरा नाम लिखा है, साहब. पूछिए, बताता हूँ."

मी पदवीधर झाले, शिक्षिका झाले, पुढे मुख्याध्यापिका. ते सगळं त्या खिडकीपासून सुरू झालं आणि त्या खिडकीपर्यंत मला त्या खालच्या पायरीने आणलं, असं मी मानते. मुख्याध्यापिका असताना महिनाअखेरच्या बैठकीत मी आधी माझं उणं सांगायचे. शिक्षक पहिल्यांदा चमकले. नंतर त्यातले काही सांगू लागले, काही शेवटपर्यंत लागले नाहीत. वकीलसाहेब माझ्याशी पुढे दोन वर्षं बोलले नाहीत. मग एकदा वाटेत थांबवून त्यांनी तेच पेन दिलं. 

देवळात घड्याळ लागलं. रामनवमीच्या सकाळी गुरुजी त्याच्यावर आपलं उपरणं टाकत. पुढच्या वर्षी मी कॉलेजच्या पहिल्या वर्गात होते. घंटा एका दुसऱ्या मुलीकडे होती. मी आजोबांजवळ फरशीवर बसले होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि फडकं त्यांच्या हातात होतं. मागे देवळात बुवा पायसापर्यंत आले होते.

"आली का गं?"

"नाही आजोबा. अजून दोन बोटं आहेत."

"मग बस. घाई नाही."

मी बसून राहिले. दोरीजवळची मुलगी आमच्याकडे टक लावून बघत होती.